पेशी माझ्या, तोंड दादांचं

नाव-गाव गाळून पत्र थोडक्यात असं: लेखिका ४४ वर्षांच्या, दोन मुलांची आई. थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, ब्लड कॅन्सर झाला. भावंडांत फक्त यांच्याच पेशी पूर्ण जुळल्या, म्हणून फेब्रुवारीत यांच्या पेशी देऊन पुण्यात दादांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. कॅन्सर आटोक्यात आहे, रिपोर्ट चांगले आहेत. पण दोन महिन्यांपासून दादांचं तोंड आलंय. गालाच्या आत पांढऱ्या रेघा आहेत. तिखट सोडाच, टूथपेस्टही झोंबते. कोरड पडते म्हणून ते दिवसभर खडीसाखर चघळतात, जेवणानंतर भाजकी सुपारी खातात, रात्री गालाला हळद-मध लावतात. डावीकडची खालची दाढ ठणकते. भाऊबीजेला त्यांनी ताटातली चकली उचलली आणि परत ठेवली. वहिनी म्हणतात, उष्णता आहे, शिवाय थोडे नखरेही. गावातच दाढ काढून मोकळे होऊ. दादांनी मात्र बहिणीला शपथ घातली आहे की पुण्याच्या डॉक्टरांना यातलं अक्षर सांगायचं नाही. मागे अंगावर पुरळ आलं तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्या वाढवल्या, चेहरा सुजला, साखर चढली. त्यात एका नातेवाइकानं मोबाइलवर वाचून सांगितलं, बाळंतपण झालेल्या बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या की असं होतं. लेखिका विचारतात: माझ्याच पेशींनी दादाचं तोंड जाळलं का? आणि शपथ पाळू की मोडू?

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर देते, गोड नाही. हो, बहुधा तुमच्याच पेशी. मी दातांची डॉक्टर. तोंड उघडून पाहिल्याशिवाय निदान करू नये हे मला कळतं. तरी गालाच्या आतली पांढरी जाळी, पेस्ट झोंबणं, कोरड आणि ट्रान्सप्लांटला झालेले नऊ महिने हे सगळं एका पत्रात वाचलं की पहिलं नाव मनात येतं ते जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. दादांच्या फाइलमध्ये हा शब्द तुम्ही पाहिला असेल. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं शरीर यांचं ते भांडण असतं.

पण तुम्ही ‘जाळलं’ लिहिलंय, तिथं मी जरा अडते. तुम्ही दिलेल्या मूळपेशी दादांच्या हाडांच्या पोकळीत जाऊन रुजल्या. आज त्यांच्या अंगात फिरणारं रक्त तुमच्या वाणाचं आहे. तुमचे रक्तगट वेगळे असतील तर एव्हाना त्यांचा रक्तगटही तुमचाच झाला असेल. त्या रक्ताबरोबर पहारेकरी पेशीही आल्या. परकं दिसेल त्याला हाकलणं हे त्यांचं काम. केमोच्या तडाख्यातून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी त्यांनी शोधून माराव्यात म्हणूनच तर दुसऱ्याच्या पेशी घेतात. नाहीतर दादांच्याच पेशी आधी गोठवून ठेवून परत दिल्या असत्या. गोची अशी की ज्या नजरेला कॅन्सरची पेशी परकी दिसते, त्याच नजरेला कधीकधी गालाचं अस्तरही परकं दिसतं, लाळेच्या ग्रंथीही परक्या दिसतात. ज्यांना हा त्रास सौम्य प्रमाणात होतो त्यांच्यात मूळ कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी असतं, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणजे चकली खाऊ न देणाऱ्या पेशी आणि दादांना भाऊबीजेच्या पाटावर बसवणाऱ्या पेशी वेगवेगळ्या नाहीत.

तुमच्या नातेवाइकांनी वाचलं ते खोटं नाही. गरोदरपणात आईच्या पहारेकरी पेशींची बाळाच्या पेशींशी गाठ पडते आणि पुढे त्या जास्त चौकस होतात. अशा स्त्रीच्या पेशी पुरुषाला दिल्या तर जीव्हीएचडीची शक्यता काहीशी वाढते. आता त्यांनी न वाचलेलंही सांगते. पेशी तुमच्या हाडातून न काढता, चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन शिरेतून मशिननं घेतल्या असतील, तर त्यानंही ती थोडी वाढते. हे सगळं डॉक्टरांना तुमचा हात टोचण्याआधी माहीत होतं. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात झालं, तेव्हापासून इथेही ही गणितं मांडली जातायत. आणि एका सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच असते. तुमच्याइतकीच जुळणारी, बाळंतपण न झालेली दुसरी बहीण तिथं रांगेत उभी नव्हती. पुढच्या कार्यात ते नातेवाईक भेटले तर त्यांना एवढंच विचारा, की मग कोणाच्या पेशी घ्यायच्या होत्या.

आता उष्णतेबद्दल. आपल्याकडे ‘तोंड येणं’ हा एकच शब्द आहे. परीक्षेच्या जागरणानं येतं तेही तोंड येणं, केमोनंतर येतं तेही, दादांचं आलंय तेही. आणि कारणही सगळ्याला एकच, उष्णता. दादांचं तोंड हॉस्पिटलातही आलं असणार. तीव्र केमो दिल्यावर आठवड्याभरात तोंडाची आतली साल सोलवटते, थुंकी गिळवत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत रक्तपेशींचे आकडे, म्हणजे काउंट, वर आले की ते भरूनही येतं. तेव्हा आपोआप गेलं म्हणून आत्ताचंही जाईल असं घरी वाटत असेल, तर त्यात वहिनींची चूक नाही. पण आत्ताचं तोंड निराळं आहे. हे साधारण तीन महिन्यांनंतर कधीही सुरू होतं, बऱ्याचदा सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी हळूहळू कमी करत आणताना. ते सहसा आपणहून जात नाही, महिनोन्‌महिने रेंगाळतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि गुलकंद यांचा त्याच्याशी संबंध नाही.

नखऱ्यांचं म्हणाल, तर या आजारात तोंड दिसतं किती वाईट आणि झोंबतं किती, यांचा मेळ नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन-चार पांढऱ्या रेघा दिसतात आणि माणसाला वरणातली मोहरीही सहन होत नाही. जेवताना टाळूवर पाण्याचे बारीक फोड येऊन फुटतात का, दादांना विचारा. लाळग्रंथींची तोंडं बुजल्यामुळे तसं होतं. ‘हो, येतात, तुला कसं कळलं?’ असं म्हणाले, तर वहिनींना तेव्हा जवळ बसवून घ्या.

दादांची भीती मात्र मला मनापासून पटते. आरशात स्वतःचा सुजलेला चेहरा पाहिलेला माणूस त्या गोळ्या पुन्हा वाढू नयेत म्हणून काहीही लपवेल. पण त्यांचा हिशोब एका जागी चुकतोय. त्यांना वाटतं, तोंडाचं सांगितलं की गोळ्या वाढणारच. त्रास तोंडापुरताच असेल, तर पुष्कळदा पोटातल्या गोळ्यांना हात न लावता तोंडापुरतंच औषध देतात. स्टिरॉइडचं पाणी दिवसातून काही वेळा तोंडात धरायचं, गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. एखाद्या हट्टी व्रणावर मलम. हे पाणी घड्याळ लावून चार-पाच मिनिटं धरावं लागतं आणि पुढे अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नसतं. आपल्याला गुळणी म्हणजे खळखळून दहा सेकंदांत मोरीत, अशी सवय. पुष्कळांचं औषध एवढ्याचसाठी लागू पडत नाही. या स्टिरॉइडच्या पाण्यानं तोंडात बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो, त्यावरही साधं औषध आहे. पण मेडिकलमधून आणून घरच्या घरी सुरू करायची ही गोष्ट नव्हे.

गोळ्या वाढणारच नाहीत, असं वचन मी देऊ शकत नाही. डॉक्टर डोळे, त्वचा, लिव्हरच्या तपासण्या बघतील आणि मग ठरवतील. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही सांगायला हवं. मात्र दोन महिने लपवून, वजन पाच-सात किलो उतरल्यावर तिथं पोचलात, तर मोठे डोस टाळणं त्यांनाही अवघड जाईल. दादांना ज्याची भीती आहे, त्याच वाटेवर ही शपथ त्यांना नेतेय.

दाढ. इथं मी सगळ्यात घाईनं लिहितेय, कारण वहिनींनी अपॉइंटमेंट घेतली असेल. ती दाढ पुण्याला फोन केल्याशिवाय काढू नका. गावातल्या डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही, तेही माझ्याच पेशातले. पण काढण्याआधी त्यांच्या हातात आजचे काउंट हवेत. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, निदान १,००० आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर, हा साधारण प्रघात आहे. दादांना कोणत्या गोळ्या चालू आहेत ते हवं. आणि स्टिरॉइडमुळे हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन कधी दिलं होतं का, हे तर हवंच. ते दिलेलं असेल तर दाढ काढलेल्या जागी जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येण्याचा धोका असतो, आणि मग दाढ न काढता रूट कॅनल करून वाचवण्याकडे कल ठेवतात. दाढदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळीही परस्पर देऊ नका. सायक्लोस्पोरिनसोबत ती किडनीला महागात पडते. काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधं सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. म्हणून गावातले डेंटिस्ट आणि पुण्याचे डॉक्टर एकमेकांशी थेट बोलले पाहिजेत. तुम्ही मधल्या मधे निरोप पोचवू नका. दुसरी बाजूही सांगते. ट्रान्सप्लांटनंतर पहिलं वर्ष दातांना हात लावायचा नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. ते दात स्वच्छ करून घेणं, कवळी बसवणं असल्या थांबण्यासारख्या कामांना लागू. ठणकणारी दाढ म्हणजे जंतूंचं घर. ती तशीच ठेवणंही धोक्याचं. गालावर सूज आली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर मग कसली शपथ नि काय, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, नाहीतर ताप झाकला जातो.

दाढ का किडली असेल, याचा अंदाज तुमच्याच पत्रात आहे. लाळ ही फुकटची वस्तू, म्हणून तिची किंमत कुणी करत नाही. ती दात धुते, आम्ल मारते, दाताला झिजलेलं खनिज परत देते. ती आटली की हिरडीच्या कडेनं, जिथं एरवी सहसा लागत नाही तिथं, काही महिन्यांत कीड लागते. अशा तोंडात दिवसभर खडीसाखर! त्याऐवजी घोट-घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम झोंबत नसेल तर ते, आणि रात्री उशाशी तांब्या. मधही साखरच, शिवाय प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला कच्चा मध देऊ नये. हळदीवर माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. ती लावून आलेला रुग्ण तोंड उघडतो तेव्हा मला सगळं पिवळं दिसतं, पांढरी रेघ कुठे आणि लाल चट्टा कुठे काही समजत नाही.

पेस्ट झोंबते म्हणून दादांनी घासणंच सोडलं असेल, तर आज रात्रीपासून परत सुरू करायला लावा. सगळ्यात मऊ ब्रश, वापरण्याआधी कोमट पाण्यात बुडवून. बहुतेक वेळा झोंबतो तो पेस्टमधला पुदिना आणि फेस. म्हणून पुदिना नसलेली, कमी फेसाची सौम्य पेस्ट शोधा, पण पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण वाचून घ्या, १,००० पीपीएमच्या जवळपास असावं. लहान मुलांच्या पेस्टी सौम्य असतात, मात्र काहींत फ्लोराइड फार कमी, काहींत अजिबात नसतं. लवंग-दालचिनीचं दंतमंजन नको. मशेरीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण तुमच्या भागात ती घरोघरी असते म्हणून सांगते, तीही नको. जेवणानंतर चूळ भरायला पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा पुरे. बाजारातलं अल्कोहोलचं माउथवॉश टाकून द्या. दातांवर लावायचं जास्त ताकदीचं फ्लोराइड डेंटिस्ट देतील, ते मागून घ्या.

सुपारीपाशी मात्र मी हटून बसणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसलेल्या, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या माणसाला, त्यातून तोंडात जीव्हीएचडी असलेल्याला, पुढच्या काही वर्षांत तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतोच. त्यात ही भर कशाला? शिवाय सुपारीनं तोंड उघडणं कमी होतं आणि जीव्हीएचडीतही ते कमी होऊ शकतं. मग कशानं झालं हे आम्हालाही ओळखणं कठीण जातं. दादांची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, महिन्यातून एकदा बघायला सांगा. दर सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी आयुष्यभर. एका जागचा व्रण, गाठ किंवा चट्टा दोन आठवड्यांत हलला नाही, तर वाट पाहायची नाही. रक्ताचा कॅन्सर हरवलेल्या माणसाला हे सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगावं लागतं.

वहिनींविषयी तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही कडू. नऊ महिने त्या उकळलेलं पाणी, वेगळी भांडी, गोळ्यांची वेळ हे सगळं सांभाळतायत. रांधलेलं ताट रोज परत येतंय. माणूस आजारी आहे म्हणून त्याच्यावर चिडता येत नाही, मग ‘नखरे’ हा शब्द बाहेर पडतो. तुम्ही वर्षातून दोन-चारदा जाता आणि पेशी दिल्यामुळे त्या घरात तुमचं स्थान देवाच्या खालोखाल झालंय. तिथून त्यांना चुका दाखवणं सोपं आहे. पुढच्या वेळी दोन दिवस राहायला जा आणि स्वयंपाकघर तुमच्याकडे घ्या.

रांधायचं काय, तर झोंबणार नाही, टोचणार नाही, फार गरम नसेल असं. मुगाची मऊ खिचडी वर तुपाची धार, ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, नाचणीची पेज, दुधीची बिनतिखटाची भाजी कुस्करून, पूर्ण उकडलेलं अंडं. भाकरी खायचीच असेल तर दुधात चुरून. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, पापड सध्या बाजूला. दही-ताक चालेल का ते हॉस्पिटललाच विचारा, कारण ते प्रतिकारशक्ती आणि चालू औषधांवर ठरतं. साखर चढलेली आहे, तेव्हा खिरी जपून. आणि पपनस मात्र घरात आणू नका. सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण त्यानं वाढतं. जीभ बरी झाली की चवीही परततात. चकलीचा सोऱ्या माळ्यावर टाकू नका, हाताशी ठेवा.

ज्यांच्या घरी ट्रान्सप्लांट अजून व्हायचं आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण अशी पत्रं मला आणखीही येतात. ॲडमिट होण्याच्या तीन-चार आठवडे आधी डेंटिस्टकडून सगळं तोंड तपासून घ्या, किडलेल्या दातांचा निकाल लावा, म्हणजे काउंट पडायच्या आत जखमा भरतील. स्वतःच्याच पेशी परत घेणार असाल तर हे भांडण होत नाही, पण केमोनंतरचं तोंड येणं चुकत नाही. मेल्फलान हे केमोचं औषध शिरेतून चालू असताना तोंडात बर्फाचे खडे धरले तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या अस्तराला कमी पोचतं आणि त्रास बराच कमी होतो. आपल्या हॉस्पिटलात याची सोय आहे का, विचारा.

ताई, तर शपथ. परस्पर फोन करून डॉक्टरांना सांगितलंत तर दादा पुढचं दुखणं तुमच्यापासूनही लपवतील. म्हणून आधी दादांकडे जा. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवून गालांचे, जिभेचे, टाळूचे मोबाइलवर फोटो काढा, कोणत्या गोळ्या कमी कधी झाल्या ते एका कागदावर लिहा. गोळ्या वाढल्याशिवायही इलाज असू शकतो, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. मग फोन त्यांनाच लावू द्या, ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत किंवा तिथल्या समन्वयकांना, तुम्ही शेजारी बसा. उद्यापर्यंत वेळ मागितला तर द्या, पुढच्या फॉलोअपपर्यंत मागितला तर देऊ नका. आणि तरीही नाहीच म्हणाले, तर त्यांच्यासमोर, त्यांना सांगून, तुम्ही फोन लावा.

लहानपणी आपण शपथ घालायचो आणि मग समोरच्यानं ‘सुटली’ म्हटलं की ती उतरायची. तुमचे दादा तुमच्याहून मोठे, म्हणजे हा खेळ त्यांनीच तुम्हाला शिकवला असेल. फोन हातात देण्याआधी त्यांच्याकडून तेवढं म्हणवून घ्या.